मोटारीचा पोचा व विम्याचा कागद

घरांत नवी मोटार आली म्हणजे आपण तिला हळदकुंकू वाहतों, चाकाखालीं लिंबू ठेवतों आणि शेजारीं पेढे वांटतों. तिच्याबरोबर जो विम्याचा कागद येतो तो मात्र कपाटांत जातो, आणि पुढील हप्त्याची तारीख येईपर्यंत त्याची कोणास आठवण होत नाहीं. आमच्या घरींहि असेंच झालें होतें. छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवितांना एकेका प्रत्ययासाठीं मुलांस छळणाऱ्या आम्हांस स्वतःच्या नांवाचा हा कागद एकदांहि वाचावासा वाटला नाहीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. गेल्या श्रावणांत तो वाचण्याचा प्रसंग आला. त्या निमित्तानें जें कळलें तें मोटार बाळगणाऱ्या इतर कुटुंबांसहि उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची मोटार दोघां भावांची सामाईक आहे. वडीलकीच्या मानानें नोंदणी व विमा हीं दोन्ही आमच्या नांवावर. गाडीचें वय त्या वेळीं साडेचार वर्षें होतें. धाकट्या बंधूंची कन्या एकोणीस वर्षांची आहे. तिला शिकाऊ परवाना मिळून दोन महिने झाले होते. एका रविवारीं सकाळीं ती गाडी चालवीत पर्वतीकडून घरीं येत होती; शेजारच्या आसनावर बंधु बसले होते. पाऊस नुकताच पडून गेला होता. टिळक रस्त्याजवळ सायकलवर बसलेला एक मुलगा एकाएकीं आडवा आला. त्यास वांचविण्यासाठीं तिनें स्टिअरिंग डावीकडे फिरविलें, ब्रेकहि दाबला. पण ओल्या रस्त्यावर गाडी घसरली आणि कडेला उभ्या असलेल्या एका टेंपोच्या मागल्या कोपऱ्यावर जाऊन आदळली.

देवाची कृपा, की सायकलवाला सुखरूप निघून गेला आणि बापलेकींस खरचटलेंहि नाहीं. गाडीचा पुढचा बंपर फाटला, डाव्या दिव्याचा चुरा झाला, डाव्या चाकावरील पत्रा, ज्यास कारखान्यांत फेंडर म्हणतात, तो चुरगळला, आणि बॉनेटच्या कडेस बाक आला. टेंपोचा मागला दिवा फुटला.

गाडी घरीं आली तेव्हां मातोश्री ओसरीवरच होत्या. त्यांनीं नातीस जवळ घेऊन एवढेंच विचारलें, “तुला लागलं नाहीं ना? मग त्या लोखंडाचं काय एवढं घेऊन बसलांत?” मुलगी मात्र त्या दिवशीं जेवली नाहीं. “मोठे काका, मी पुन्हां गाडीला हात लावणार नाहीं,” असें म्हणून ती माडीवर निघून गेली.

अपघाताच्या जागीं बंधूंनीं एक गोष्ट बरोबर केली व एक चुकीची केली. गाडी हलविण्यापूर्वीं त्यांनीं मोबाइलवर चारी बाजूंनीं छायाचित्रें घेतलीं. दोन्ही वाहनांचे क्रमांक, रस्ता, गाडीवरील पाट्या, सर्व त्यांत आलें. हें उत्तम झालें. चूक अशी, की टेंपोच्या मालकानें दिव्याबद्दल तक्रार करतांच त्यांनीं ‘चूक आमचीच’ असें म्हणून सातशें रुपये त्याच्या हातावर ठेवले. माणुसकीच्या दृष्टीनें त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु कंपनीच्या लेखी संमतीवांचून दोष कबूल करूं नये, भरपाईचें वचन देऊं नये, अशी अट विम्याच्या करारांत स्पष्ट असते. रक्कम सातशांची होती म्हणून निभावलें. सत्तर हजारांची असती तर तें वचन आपल्याच गळ्यांत पडलें असतें. कोणास दुखापत झाली असेल, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमाप्रमाणें जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणें हें चालकाचें पहिलें कर्तव्य. पोलिसांस शक्य तितक्या लवकर, व उशिरांत उशिरा चोवीस तासांत, कळविणें हें दुसरें. आणि विमा कंपनीस लेखी कळविणें हें तिसरें.

पुष्कळांचा समज असा असतो, की ‘गाडीचा विमा आहे’ म्हणजे सर्व भागलें. वास्तविक विमे दोन आहेत. आपल्या गाडीनें दुसऱ्याच्या शरीराची वा मालमत्तेची जी हानि होते ती भरून देणारा, त्यास ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. हा १९३९ च्या कायद्यानें आपल्याकडे आला, आणि आजच्या कायद्याच्या १४६ व्या कलमान्वयें तो सक्तीचा आहे. आपल्या स्वतःच्या गाडीचा फुटलेला दिवा त्यांतून एक पैचाहि मिळत नाहीं. त्यासाठीं ‘ओन डॅमेज’ नांवाचा वेगळा विमा असतो व तो ऐच्छिक आहे. आमच्या सुदैवानें दोन्ही उतरलेले होते.

सोमवारीं गाडी ओढून कारखान्यांत नेली. तेथील कारकुनानें कागद पाहिले आणि आवाज खालीं करून म्हटलें, “ताई चालवत होत्या? आणि लायसन्स लर्निंगचं? मग काका, फॉर्मवर साहेबांचं नांव टाका. नाहीं तर क्लेम नामंजूर होईल. सगळे असंच करतात.” आम्हीं फॉर्म घरीं आणला.

रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील मंडळी माजघरांत बसली. बंधूंचें मन डळमळलें होतें. ते म्हणाले, “दादा, मी शेजारींच होतों. ब्रेक दाब म्हणून मीच ओरडलों. माझं नांव लिहिलं तर त्यांत एवढं खोटं तें काय? पस्तीस हजारांचा प्रश्न आहे.” भावजयींचें म्हणणें असें, की मुलीच्या नांवावर उगाच कशाला नोंद राहूं द्यावी? सर्व बोलून झाल्यावर जिन्यावरून आवाज आला, “बाबा, गाडी मी चालवत होतें.” मुलगी पायरीवर बसून सर्व ऐकत होती.

आम्ही जन्माचे मास्तर. सत्य या विषयावर आम्हीं तेथेंच एक लहानसें व्याख्यान दिलें. तें येथें देत नाहीं, कारण त्याचें पुढें काय झालें तें सांगावयाचेंच आहे. व्याख्यान संपल्यावर मात्र आम्हीं कपाटांतून तो कागद काढला, चष्मा पुसला आणि बारीक अक्षरांतील तीं पानें प्रथमच आरंभापासून वाचलीं. तेव्हां चालकाविषयींचें कलम सांपडलें. ज्याच्याजवळ चालू परवाना आहे त्यानें गाडी चालविली तर विमा लागू आहे. आणि शिकाऊ परवानाधारकानें चालविली तरीहि लागू आहे, मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील तिसरा नियम पाळलेला असला पाहिजे. तो नियम मागतो तें एवढेंच: शिकाऊ परवाना मुदतींत असावा, शेजारीं पक्का परवाना असलेला मनुष्य, गाडी थांबवूं शकेल अशा रीतीनें, बसलेला असावा, आणि गाडीच्या पुढें व मागें पांढऱ्या पाटीवर तांबडें ‘एल’ अक्षर असावें. परवान्याची मुदत सहा महिन्यांची, त्यांतील दोनच गेले होते. बंधूंचा परवाना चालू होता. पाट्या दोन्ही बाजूंस होत्या, व त्या बंधूंच्याच छायाचित्रांत स्पष्ट दिसत होत्या.

म्हणजे खरें लिहूनहि हक्क शाबूत होता! कारकून लबाड होता असें आम्ही म्हणत नाहीं; त्याचें ज्ञान अर्धें होतें व त्यानें सल्ला पूर्ण दिला. परंतु आम्ही तो मानते, तर जो दावा खऱ्यानें मिळणार होता तोच खोट्यानें बुडाला असता. विम्याचा करार हा परस्पर विश्वासावर उभा असतो. महत्त्वाच्या गोष्टींत जाणूनबुजून खोटें निवेदन केलें, असें सिद्ध झालें तर कंपनीस दावा नाकारतां येतो. टेंपोवाल्यानें मुलीस आसनावर पाहिलें होतें, रस्त्यावरील दुकानांत कॅमेरे होते. चालकाच्या नांवापुढें आम्हीं मुलीचें नांव लिहिलें आणि सही केली. त्या रात्रीं आम्हांस स्वतःचें बरेंच कौतुक वाटलें.

तें कौतुक दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंतच टिकलें. विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान पाहण्यास येणार होता. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडीची दुरुस्ती सुरू करूं नये, मोडके भागहि टाकून देऊं नयेत, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. आम्ही पुतणीस बरोबर घेऊन कारखान्यांत गेलों. आमच्या गाडीच्या डाव्या बाजूच्या मागल्या दारावर एक जुना पोचा आहे. तो मुलीनें पाडलेला नाहीं. गेल्या दिवाळींत फाटकांतून गाडी आंत घेतांना आमच्याच हातून खांबास लागून पडलेला आहे. कारकुनानें त्यावर हात ठेवून म्हटलें, “काका, हाही डाव्याच बाजूला आहे. याच क्लेममध्यें धरून टाकतों. साडेपांच हजार वांचतील.”

वाचकहो, आम्ही तत्काळ ‘नको’ म्हणालों असें येथें लिहितां आलें असतें तर किती बरें झालें असतें! तसें झालें नाहीं. साडेपांच हजार रुपये निवृत्त मास्तरास थोडे नव्हेत. शिवाय पांच वर्षें हप्ते भरूनहि आजवर कंपनीकडून एक छदामहि घेतला नव्हता, आणि बाजूहि डावीच होती. मनुष्याचें मन अशा वेळीं किती जलद युक्तिवाद रचतें याचा अनुभव आम्हांस वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं आला. आम्ही कांहीं बोललों नाहीं. नुसते दाराकडे पाहत राहिलों. मग पुतणीकडे दृष्टि गेली. ती आमच्याकडे पाहत होती. ती कांहीं बोलली असती तर आम्हीं कदाचित् तिला गप्प केलें असतें. ती बोलली नाहीं, म्हणूनच आम्हांस बोलावें लागलें. “हा पोचा जुना आहे व माझ्या हातचा आहे. हा यांत धरूं नका.”

अर्ध्या तासानें सर्व्हेअर आला. तरुण मुलगा, पण कामांत चोख. त्यानें फेंडरच्या फाटक्या कडेवर बोट फिरविलें. तेथें पत्रा पांढरा चकचकीत होता. मग तो मागल्या दाराशीं थांबला. आम्हीं पोच्याची हकीकत सांगितली तेव्हां तो हंसून म्हणाला, “काका, तुम्ही सांगितलं नसतं तरी त्या गंजानं सांगितलंच असतं.” रंग उडाल्यावर पत्र्यास गंज धरावयास दिवस लागतात, आणि चिरेंत मुरलेली धूळ एका आठवड्याची नसते. शिवाय टेंपोच्या कोपऱ्याची उंची व दारावरील पोच्याची उंची जुळत नव्हती. असे लोक हेंच रोज पाहतात. आपली चतुराई त्यांना नवी नसते.

आतां पैशाचा हिशेब. गृहिणींनीं हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा, कारण ‘विमा आहे तर सगळे पैसे मिळतील’ या कल्पनेनें पुष्कळ घरांत वर्षअखेरचा ताळा चुकतो. जुना भाग काढून नवा बसविला तर जुन्याची झीज कंपनी वजा करते. आमच्या करारांतील दर असे: प्लास्टिक व रबर यांवर वजावट निम्मी, कांचेवर कांहीं नाहीं, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणें, म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत शून्य, एक वर्षापर्यंत शेंकडा ५, दोहोंपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पांचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढें ५०. रंगाच्या बिलांतील चौथा हिस्सा सामानाचा धरतात व त्यांतील निम्मा कापतात. मजुरीवर वजावट नाहीं. आमचें बिल, करासह व पूर्ण शेंकड्यांत, असें झालें:

बंपर, प्लास्टिकचा: ६,००० रुपये, मंजूर ३,०००.
दिवा, प्लास्टिकचा: ७,००० रुपये, मंजूर ३,५००.
फेंडर, धातूचा: ४,००० रुपये, मंजूर २,६००.
मजुरी व पत्रेकाम: ६,००० रुपये; मंजूर ६,०००.
रंग: १२,००० रुपये, मंजूर १०,५००.

एकूण बिल ३५,०००, मंजूर २५,६००. त्यांतून गाडीवाल्यानें स्वतः सोसावयाचे १,००० वजा जाऊन कंपनीनें कारखान्यास परस्पर २४,६०० दिले, आणि उरलेले १०,४०० आम्हीं भरले. अधिक हप्ता देऊन झिजेची वजावट माफ करणारें कलम घेतां येतें. तें आम्हीं घेतलें असतें तर ९,४०० वांचले असते.

हिशेब येथें संपत नाहीं. ज्या वर्षीं दावा केला नाहीं त्याबद्दल पुढील हप्त्यांत सूट मिळते. ती पहिल्या वर्षानंतर शेंकडा २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटीं ५० अशी वाढत जाते. एकदां दावा केला, की ती शून्यावर येते. आमच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता सूट न धरतां ९,००० रुपये आहे, आणि येत्या वर्षीं आम्ही ५० टक्क्यांवर पोंचणार होतों. दाव्यामुळें पहिल्या वर्षीं ५०, दुसऱ्या वर्षीं ३०, मग २५, १५ आणि ५ टक्के अशी सूट आम्ही गमावणार. एकूण १२५ टक्के, म्हणजे ११,२५० रुपये. गाडी जुनी होईल तसा मूळ हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्ष तोटा याहून कांहींसा कमी. चोवीस हजार मिळवण्यासाठीं अकरा हजार सोडणें परवडलें. पण नुसता ओरखडा असता व आठ-नऊ हजारांचें काम असतें, तर दावा न करतां खिशांतून देणेंच शहाणपणाचें होतें. म्हणून फॉर्म भरण्यापूर्वीं पाटी-पेन्सिल घेऊन बसावें.

दावा मंजूर होण्यास एकोणीस दिवस लागले. शिकाऊ परवान्यामुळें कंपनीनें मुलीचा लेखी जबाब व पाट्यांचीं छायाचित्रें मागितलीं, तीं दिलीं. एखाद्या कंपनीनें दावा अन्यायानें नाकारला तर प्रथम तिच्याकडेच लेखी तक्रार करावी. महिन्याभरांत उत्तर आलें नाहीं वा तें समाधानकारक नसलें, तर विमा लोकपालाकडे जातां येतें. त्यांचें एक कार्यालय पुण्यासहि आहे; तेथें शुल्क नाहीं व वकीलहि लागत नाहीं.

दुरुस्ती पाहण्यास आम्ही दोनतीन वेळां गेलों. फेंडर नवा घातला, पण बॉनेटची कड तेथील वृद्ध मिस्त्रींनीं ठोकून सरळ केली. आंतून एक लोखंडी ठोकळा धरावयाचा व बाहेरून हलक्या हातोडीनें टोले घालावयाचे. जेथें घाव शेवटीं बसला तेथून आरंभ करून मूळ घावाकडे मागें मागें यावयाचें. मध्येंच डोळे मिटून ते तळहात पत्र्यावरून फिरवीत. “डोळा फसतो मास्तर, हात फसत नाहीं,” असें ते म्हणाले. त्यावर लांबीचा पातळ हात, ती घासून अस्तराचा रंग, मग खरा रंग, आणि वर पारदर्शक चकाकीचा थर. चांगला कारागीर पत्रा ठोकून सरळ करतो. आळशी कारागीर खड्डा लांबीनें भरून टाकतो. बाहेरून दोन्ही सारखेंच दिसतें. दोन पावसाळ्यांनीं लांबी तडकते व खालचा गंज वर येतो. घासण्यापूर्वीं एकदां जाऊन पाहावें, हा आमचा सल्ला.

‘हल्लींच्या गाड्यांचा पत्रा कागदासारखा’ अशी बंधूंची तक्रार होती. मिस्त्रींनीं त्यांस समजाविलें, की पुढचा भाग चुरगळावा अशीच त्याची रचना असते. धक्क्याची शक्ति तो स्वतः मोडून खातो आणि आंतील माणसांपर्यंत पोंचूं देत नाहीं. ही कल्पना बेला बारेनी नांवाच्या अभियंत्याची. १९५९ सालीं ती प्रथम मर्सिडीझ-बेन्झच्या मोटारींत अवतरली. मातोश्रींनीं ओसरीवर जें विचारलें होतें, ‘लोखंडाचं काय एवढं’, तेंच त्या अभियंत्यानें लोखंडांत घडविलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या प्रसंगानें आम्हांस मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतील एक जुना धडा आठवला. गाडीमुळें हानि झाली असतां दोष कोणाचा, याचा विचार तेथें केला आहे. वेसण तुटली, जूं मोडलें, आंस किंवा चाक मोडलें, लगाम तुटला, अथवा हांकणाऱ्यानें ‘बाजूला व्हा’ म्हणून ओरडून सांगितलें होतें, अशा दहा प्रसंगीं दंड नाहीं. परंतु हांकणारा अकुशल असल्यामुळें गाडी भलतीकडे वळली व हानि झाली, तर दोनशें पण दंड गाडीच्या स्वामीस. हांकणारा कुशल असेल तर दंड त्याचा. आणि अकुशल असेल तर गाडींत बसलेल्यांसहि प्रत्येकीं शंभर पण! त्या ग्रंथांतील सर्वच व्यवस्था आजच्या मनुष्यानें उचलावी असें नव्हे. पण शिकणाऱ्याच्या चुकीचा भार शिकविणाऱ्यानें, शेजारीं बसणाऱ्यानें व मालकानें वांटून घ्यावा, हें तत्त्व आजच्या विम्याच्या कलमांतहि आहे. आमच्या घरीं स्वामी आम्ही, शेजारीं बंधु. मग एकट्या मुलीनेंच जेवण कां सोडावें?

तिला हें आम्हीं सांगितलें. तिनें ऐकून घेतलें, पण उत्तर दुसरेंच दिलें. “मोठे काका, तुम्ही त्या दिवशीं दाराकडे बघत उभे होतां ना, तेव्हां मला वाटलं, तुम्हीपण घाबरतां. मग मला बरं वाटलं.” छत्तीस वर्षांच्या अध्यापनांत आम्हांस मिळालेला हा सर्वांत अवघड अभिप्राय.

गाडी घरीं आल्यावर तिसऱ्या दिवशीं पहाटे ती किल्ली घेऊन आमच्यापुढें उभी राहिली. शेजारीं आम्ही बसलों. पुढें-मागें पाट्या तपासल्या. पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत आलों. फाटकांतून गाडी आंत घेतांना तिनें खांबापासून चांगली हातभर जागा सोडली. मागल्या दारावरचा तो पोचा अजून तसाच आहे. येत्या दिवाळीपर्यंत साडेपांच हजार बाजूस पडले म्हणजे तो त्याच मिस्त्रींकडून काढून घेऊं. तोंवर विम्याचा कागद कपाटांत न ठेवतां आम्हीं पंचांगाशेजारीं ठेवला आहे.